दिवेलागणीनंतर

९ जानेवारी

आज मी राजवीरला धडकलो. सराव होता, सामना नव्हे — तरी त्याचा ओठ फुटला, टाके पडले. कोर्टवर सांडलेलं रक्त पुसायला फडकं येईपर्यंत सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्या प्रशिक्षकांनी, हंबीरराव सरांनी, एवढंच विचारलं, "लक्ष कुठं हुतं तुझं?"

लक्ष तिथंच होतं. राजवीर डावीकडून येत होता आणि मला दिसला नाही. उशिरा दिसला असं नाही. दिसलाच नाही! कुणीतरी हवेतून काढून समोर ठेवल्यासारखा आला.

बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्डचं काम काय? चेंडू पुढे न्यायचा, बाकीचे चौघे कुठे आहेत ते मान न वळवता ओळखायचं, आणि ज्याच्याभोवती जागा आहे त्याला द्यायचा. माझं नाव झालं ते 'न बघता' दिलेल्या पासांवर. खरं तर न बघता असं काही नसतंच. डोळ्याच्या कडेनं बघितलेलं असतं. ती कड —

इथेच थांबतो.

१० जानेवारी

राजवीरचा फोन. ओठ सुजलाय, बोलणं बोबडं. "पुढच्या बारीला हॉर्न वाजवत ये," म्हणाला. मी हसलो.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून सरावाला गेलो, परतताना अंधार पडला. साखर कारखाना सुरू आहे, आमच्या बावड्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. रोजचाच रस्ता, रोजच्याच ट्रॉल्या. आजची दिसली तेव्हा उसाचे शेंडे माझ्या हेल्मेटला लागत होते. ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. मला उभं केलं, गाडी उचलून दिली. मग म्हणाला, "काय पावणं, डोळं घरात ठिवून आलायसा काय?"

कोपर खरचटलं, बाकी काही नाही. घरी सगळ्यांची जेवणं कधीच उरकली होती. आमच्याकडे दिवस असतानाच जेवतात. जैन घरात यात नवल नाही, पण तात्यांचा — माझ्या वडिलांचा — नियम त्याच्याही पुढचा. दिवेलागणीनंतर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. अंधारात पायाखाली जीव मरतात म्हणून. त्यांच्या खताच्या दुकानाचं शटर पडलं की लोक घड्याळ लावतात. मागे बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, या नियमासाठी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कारही झाला. मी खेळाडू म्हणून मला सूट!

आईला सांगितलं, कोर्टवर पडलो. तिनं हळद लावली. पण हळद लावताना ती कोपराकडे नाही, माझ्या डोळ्यांकडे बघत होती. की मलाच तसं वाटलं?

१६ जानेवारी

खोलीचं दार लावून एक प्रयोग केला. भिंतीवरच्या खिळ्याकडे नजर ठेवायची, दोन्ही हात पसरायचे, बोटं हलवायची आणि हात हळूहळू पुढे आणायचे. पूर्वी कोर्टवर मुलांना हाच खेळ दाखवून चकित करायचो. माझे हात जवळजवळ कानाच्या रेषेत असतानाच बोटं दिसायची.

आज हात जवळजवळ समोर आले तेव्हा दिसली.

पुन्हा केला. पुन्हा तेच. मग नाही केला.

१९ जानेवारी

सांगलीला जाऊन आलो. कोल्हापुरात कुणी ओळखीचं भेटलं असतं. एस.टी.ने गेलो. मोटरसायकलकडे बघायचीही इच्छा नाही.

एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावतात. समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला उजेड चमकला की बटण दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसलो. बराच वेळ. शेवटी म्हणालो, "मॅडम, यंत्र सुरू करा." त्या म्हणाल्या, "केव्हाच सुरू झालंय."

तो क्षण मी विसरणार नाही. खोलीत सगळीकडे दिवे चमकत होते आणि मी अंधारात बसून ते लागण्याची वाट बघत होतो.

डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. नजर कडेनं मिटत आत येते. समोरचं बरीच वर्षं टिकेल, पण गेलेलं परत येत नाही, आणि थांबवायला खात्रीचं औषध नाही. डॉक्टरांनी विचारलं, आईवडील नात्यातले आहेत का? म्हटलं हो, आई तात्यांच्या मामाची मुलगी, आमच्याकडे चालतं. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला रात्री कमी दिसतं?"

मी ताडकन नाही म्हणालो.

व्यवसाय विचारला. बास्केटबॉल, म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं. दुचाकी आजपासून बंद करा, म्हणाल्या. खेळाबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं.

२० जानेवारी

कुणाला सांगितलेलं नाही. दिवसभर डावीकडे कुणीतरी उभं आहे असं वाटत राहिलं. वळून बघितलं की कुणी नसतं.

२४ जानेवारी

व्यावसायिक लीगचा फोन आला. निवड झाली! दोन वर्षांचा करार.

कुठून सुरुवात झाली होती — शाळेच्या मागच्या सिमेंटच्या कोर्टवर, जाळी नसलेल्या रिंगवर. फुटबॉलवेड्या गावात लोक विचारायचे, लेका, हातानं काय खेळतोयस? मग जिल्हा, राज्य, नंतर खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. दिवसा फायली, संध्याकाळी चेंडू. आता पहिल्यांदाच नुसता चेंडू. याचीच तर वाट बघत होतो.

२७ तारखेला वैद्यकीय तपासणी. ८ फेब्रुवारीला इथे आपल्याच मैदानावर प्रकाशझोतात प्रदर्शनीय सामना, सामना संपल्यावर सगळ्यांसमोर जर्सी आणि सही. आईनं शिरा केला. तात्या म्हणाले, "व्हय, झालं की मग मनासारखं." त्यांच्या पाया पडलो. वर बघितलं नाही.

२७ जानेवारी

गुडघे वाकवले, छाती ऐकली, पळवलं. डोळे तपासायला भिंतीवरचा तक्ता होता. सरळ समोर! शेवटची ओळ मी अडखळल्याशिवाय वाचली. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली, "घारीची नजर हाय की."

पास झालो.

नापास होईन या भीतीनं झोप उडाली होती. आता कळतंय, ती भीती बरी होती. तिथे कुणीतरी मला अडवणार होतं. आता अडवणारं कुणी उरलं नाही.

३० जानेवारी

कानांनी खेळतोय. बुटांचा चर्र आवाज, श्वास, कोण कुठून ओरडलं. पाठ केलेल्या चाली. दर दोन पावलांना मान वळवतो. हंबीरराव सरांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "मान का वळवतोयस घुबडागत?" म्हणाले. सगळे हसले.

राजवीर हसला नाही. तो आता माझ्या डाव्या बाजूला आला की बिचकतो. ओठावर पांढरी रेघ राहिलीय. त्याला धडकलो तेव्हा माझं कपाळ त्याच्या दातावर बसलं होतं. बोटभर वर त्याचा डोळा होता.

एखाद्याचा डोळा. माझ्यामुळे. रोज झोपताना एवढंच दिसतं — आणि ते मात्र अगदी स्वच्छ दिसतं.

२ फेब्रुवारी

हे नीट लिहून ठेवायला हवं.

सराव नव्हता. घरीच होतो. संध्याकाळी वीज गेली. आई शेजारी गेली होती. मी उठलो आणि मधल्या खोलीची भिंत चाचपडत स्वयंपाकघराकडे निघालो. टॉर्च मोबाइलमध्ये आणि मोबाइल तिथेच चार्जिंगला होता. एक हात भिंतीवर, एक पाय पुढे सरकवत. अलीकडे असाच चालतो, कुणी बघत नसलं की.

भिंतीवर माझ्या हाताखाली एक हात आला.

ओरडलोच. समोरून माझ्या नावानं हाक आली, "कोन, अनेकांत?" तात्या होते. तेही भिंत धरून येत होते. समोरून, तसाच एक हात भिंतीवर ठेवून.

तेवढ्यात आई दारात मोबाइलचा उजेड घेऊन उभी राहिली. आमचे दोघांचे हात अजून भिंतीवरच होते. तिनं तो उजेड खाली केला आणि जमिनीवर बसली. मला म्हणाली, "तुलाबी दिसत न्हाय न्हवं?"

तात्यांनी माझा हात सोडला नाही. ते बराच वेळ बोलले, इतकं सलग बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. लग्नाआधीपासून त्यांना रात्री दिसत नाही. आईनं पहिल्याच वर्षी ओळखलं, तांब्यातलं पाणी पेल्याशेजारी ओतलं त्यावरून. आता दिवसाही कडेचं फारसं दिसत नाही, म्हणून सायकल सोडली. ती 'गुडघ्यामुळं' सोडली असं मी समजत होतो.

"मी नियम केला न्हाय बाबा," ते म्हणाले. "एकदा बस्तीत रात्री बोलवलं, मी न्हाय म्हनलो. का विचारलं तर जिवाजंतूचं कायतरी बोललो. त्याचा नियम लोकांनीच केला. मग मला सोडता येईना."

वीज आली. तिघेही तसेच बसून होतो. कपाटात ती शाल आहे.

३ फेब्रुवारी

राग येतोय. सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो — ते खोटं नव्हतं. मला ते कुणी सांगितलंच नव्हतं! लहानपणी कळलं असतं तर?

तर मी चेंडू हातात धरला नसता. एवढी वर्षं मिळाली नसती. मग राग नक्की कशाचा?

आई म्हणते गप बस, तुझं लग्न जुळवायचंय. तात्या उलटं सांगतात. "मी चार भिंतींत निभावलं. तू नऊ जणांच्या अंगावर पळनार हायस. सरांस्नी सांग."

मी म्हणालो, तुम्ही कुणाला सांगितलं?

ते उठून माडीवर गेले. जिना चढताना कठड्यावरून त्यांचा हात एकदाही सुटला नाही. इतकी वर्षं बघतोय, आज दिसलं.

६ फेब्रुवारी

ताप आलाय असं सांगून सराव चुकवला. थर्मामीटर लावून बघितला — खरंच यायला हवा होता.

८ फेब्रुवारी, दुपार

संध्याकाळी सामना. सगळा बावडा येणार म्हणे. बस्तीतली मंडळीही, तात्यासोंचा मुलगा म्हणून. राजवीर आपल्याच संघात आहे, डावा कोपरा त्याचा. मी सगळ्या चाली उजवीकडून आखल्यात. सर विचारतील. काय सांगू?

मघाशी तात्यांना म्हणालो, कुणाला बोलू नका.

"मला कुठं सांगायची सवय हाय?" ते म्हणाले.



९ फेब्रुवारी

काल दिवे लागले, आम्ही कोर्टवर उतरलो, आणि फाटकातून तात्या आत आले. दिवस मावळल्यावर. एक हात आईच्या खांद्यावर. पायऱ्यांवरची बस्तीतली माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी विचारलं, तात्यासो, तुमचा नियम? सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "नियम कधीच न्हवता. मला दिसत न्हाय."

मी चेंडू हंबीरराव सरांच्या हातात दिला आणि त्यांना सगळं सांगितलं. राजवीर शेजारी होता. त्यानं ओठावरून बोट फिरवलं आणि आम्हा तिघांना फाटकापर्यंत सोडायला आला. माझ्या डावीकडून चालत.

बाहेर रस्त्याला दिवे नव्हते. आईचा दुसरा खांदा मोकळा होता.