पाय कोरडे ठेवा

शुक्रवार, १८ जुलै. अड्याळ

आईच्या पायाच्या चिखल्या दाखवायला आज पुन्हा दवाखान्यात नेलं. खरं तर मी वैशाली सिस्टरसाठी जातो. ती तिथंच दिसते, दुसरीकडे कुठं? तर तिनं घरगुती उपचारांचं पुस्तक आईच्या हातात ठेवलं. "काकू, एवढ्यासाठी दरवेळी कायले येता? घरीच पाय कोरडे ठेवा."

पाय कोरडे ठेवा! धानाची रोवणी चालू असताना? दिवसभर चिखलात वाकून? डोकंच फिरलं. घरी येऊन पुस्तक भिरकावलं.

आई म्हणते, "तिच्यावर कायले भडकून राहिला, बाबू? म्या कधी म्हटलं, मले ने म्हणून?"

ठीक आहे. उद्या आईच्या जागी रोवणीत मीच उतरतो. रांगेतल्या बाया हसल्या तर हसोत. आईचे पाय राहतील कोरडे. अन् मले चिखल्या झाल्या की बघतो, सिस्टर कशी घरी पाठवते ते!