टीव्हीसाठी दुष्ट बाप

३ ऑक्टोबर १९७६
आमच्या गिरणीच्या नाट्यमंडळाचं नाटक मुंबईच्या टीव्हीवर घेणार! दिग्दर्शक रामहरीने पोरीला झोडपणाऱ्या दुष्ट बापाचा रोल दिला मला. मला! अख्ख्या गिरणीत माझ्याइतका सौम्य हेडक्लार्क नाही. कारण विचारलं तर म्हणाला, चन्नप्पा, तुलाच जमंल की. असो. सोलापुरात टीव्ही अजून आला नाही, पण मुंबई तर बघेल.

५ ऑक्टोबर
असले बाप असतात तरी का? नाटकवाले काहीही लिहितात. निरीक्षणासाठी नव्या पेठेत उभा राहिलो. एकही दुष्ट बाप दिसला नाही. घरी आलो तर भाकरी गार. ताट भिरकावलं. डोक्यात रोलचा विचार असला की असं होतं.

८ ऑक्टोबर, सकाळ
निश्चय : रोल घरात आणायचा नाही.

संध्याकाळ
आमच्या लेकीला, महादेवीला, गणिताच्या चाचणीत भोपळा. दोन लगावल्या. हा रोल नव्हे, हे शिक्षण. आमच्या अप्पांनी मला याहून कितीतरी दिल्या, म्हणून तर हेडक्लार्क झालो.

११ ऑक्टोबर
तालीम. ओरडण्याचा सीन एकदम फर्स्टक्लास. नबीलाल शिंपी नाटकात शेजारी आहे. म्हणाला, लई खरं वाटतंय, काटा आला अंगावर. सांगितलं, सगळी कल्पनाशक्ती. तो नुसता बघत राहिला. जळतो.

अडचण शेवटच्या सीनची. बाप पोरीसमोर खाली बसून हळूच म्हणतो, "बाळ, माझं चुकलं." हे तोंडातून निघेचना. वाक्यच वाईट लिहिलंय. रामहरीला म्हटलं, काढून टाक. म्हणाला, त्याच्यासाठीच तर नाटक हाय. रविवारच्या तालमीत बोल, न्हायतर नबीलाल करंल. त्या वाक्याने मला नुसतं कोंडीत पकडलंय.

१४ ऑक्टोबर
घरी ओरडण्याच्या सीनची तालीम. तांब्या आपटला, पट्टा काढला, शिव्या खड्या आवाजात. चाळीतलं एकही दार उघडलं नाही. लोकांना नाटकाची आवडच उरलेली नाही.

१६ ऑक्टोबर
आज शेवटचा सीन. हळू आवाजात म्हटलं, "बाळ..." एवढंच. बायको चुलीपुढून धावत आली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघू लागली. शेजारच्या गोजरबाईही पळत आल्या. विचारत होत्या, अवो, काय झालं यास्नी? दवाखान्यात न्यायचं का? मग अर्धी चाळ दारात. म्हणजे अभिनय पोचतोय. पुढचे दोन शब्द तेवढे राहिलेत.

१७ ऑक्टोबर, रविवार
घोटून घोटून पाठ केलं. पण भिंतीला काय सांगणार, समोर खरी मुलगी हवी. महादेवीला हाक मारली. आली, पण दाराजवळच थांबली. मी खाली बसलो आणि रामहरीने दाखवल्याप्रमाणे हात पुढे केला, तिच्या डोक्यावरून फिरवायला.

तिने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि म्हणाली, चुकलं माझं, अप्पा.

माझं वाक्य! आणि किती सहज. विचारलं, काय चुकलं तुझं? म्हणाली, ते अजून ठावं न्हाय.

हात तसाच राहिला माझा. परत कसा घ्यावा ते कळेना. लाज वाटली, का कोण जाणे. ती डोकं झाकूनच उभी होती, शेवटी बायकोने तिला आत नेलं.

तालमीला गेलो नाही. रामहरीला निरोप धाडला, घसा बसलाय. बाप नबीलाल करेल.