मोकळी बारी

पुणे,
३ ऑगस्ट १९९७

प्रिय ताईस,
स. जय भीम, वि. वि.

‘तीर्थरूप’ लिहिलं की दादा भडकतात हे लक्षात आहे, म्हणून नुसतं ‘प्रिय’. रागावू नकोस.

सोबत आदेशच्या हाती एक कॅसेट पाठवली आहे. आमच्या बँडची. बँडचं नाव ‘हरकत’. मी गिटार वाजवतो आणि गातो, अवसरी खुर्दचा हा आदेश ड्रम बडवतो, आणि माझ्या वर्गातला नवनाथ बेस वाजवतो. आमच्या संगीताला पंक म्हणतात. यात गाणं दोन मिनिटांत संपतं, गळा गोड असावा लागत नाही, आणि जे कोणी बोलत नाही ते ओरडून सांगायचं असतं. धरणाखाली गेलेल्या गावांवर आमचं एक गाणं आहे. परवा एका कॉलेजात ते म्हटलं, तर मधेच वीज घालवली. आम्ही तसंच म्हणत राहिलो.

दादांना ऐकव. आपल्या बापाने आयुष्यभर जलशात हेच केलं, असं मला आता वाटायला लागलं आहे. मैलकुली म्हणून दिवसभर रस्त्यावर खडी टाकायची आणि संध्याकाळी तुणतुणं घेऊन बाबासाहेबांची गाणी म्हणत गावोगाव फिरायचं. त्यांना आवडली का, एवढंच कळव. खोटं लिहू नकोस.

लोभ आहेच, तो माझ्या वाटचा कोणाला देऊ नकोस.

तुझा,
कपिल

---

आळे,
२१ ऑगस्ट १९९७

चि. कपिल यास,
अ. आ. आणि जय भीम.

खरं लिही म्हणालास म्हणून लिहिते. दादांनी आधी टेपच बिघडला असं समजून त्याचं डोकं कापसाने पुसलं. मग पुन्हा लावली. दोन्ही बाजू मांडी घालून ऐकल्या. शेवटी म्हणाले की राग लई हाय, पर शब्द कळत न्हाईत. कुणासाठी भांडतोय ते भांडणाऱ्यालाच कळलं तर काय उपेग. यापेक्षा जास्त काही बोलले नाहीत. पण कॅसेट त्यांनी आपल्या पेटीत ठेवली आहे, माझ्या कपाटात नाही.

मी रोज आणे पठारावरच्या शाळेत शिकवायला जाते आणि येते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघं, आणि दोघांपैकी एक फारसं बोलत नाही. तू म्हणशील तो एक म्हणजे मी नक्कीच नव्हे.

जलशाचं म्हणशील तर बायडाबाई गेल्या. त्यांची गाण्याची बारी आता त्यांची सून शीला म्हणते, आणि छान म्हणते. डफवाल्या गेणभाऊंची बारी अजून मोकळीच असते. तुला आठवतं ना, त्यांचा डफ टेबलावर ठेवायचा आणि एक गाणं होईल तेवढा वेळ दादांनी नुसतं तुणतुणं वाजवत उभं राहायचं. तेवढ्यात लोक भेळ खाऊन येतात. ही मेलेल्या माणसाची बारी असं आई सांगायची, आणि लहानपणी आपण दोघं तेव्हा श्वास रोखून बसायचो. तू जलशात वाजवायचास ती खंजिरी अजून खुंटीला आहे.

येत्या चौदा एप्रिलला तुझी मंडळी घेऊन ये. पण आवाज जरा बेताने.

वाट पाहण्याची सवय लावू नकोस, एवढाच लोभ असावा.

तुझी ताई,
रत्ना

---

पुणे,
२० एप्रिल १९९८

प्रिय ताईस,
स. जय भीम, वि. वि.

सहा दिवस झाले, मला नीट झोप नाही. तू काही न बोलता डबा भरून दिलास, त्याचं जास्त लागलं.

आमचं गाणं झालं आणि सगळी पोरं आमच्या स्पीकरच्या टेम्पोभोवती जमली. दादांचा जलसा आमच्यानंतर होता आणि सतरंजीवर सातआठ म्हाताऱ्या उरल्या होत्या. मला चेव चढला होता, डोकं तापलेलं होतं, आणि माइकवर बोलून गेलो की जलसा आता मेला, यापुढे आम्ही. टाळ्या पडल्या. मग वळून पाहिलं तर दादा स्पीकरच्या मागे तुणतुणं धरून उभे. किती वेळ उभे होते मला माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तार पिळायला लागले.

तू माफी माग म्हणशील. पण मी खोटं बोललो असं मला वाटत नाही, फक्त ते दादांच्या समोर बोललो. खोटी माफी मागितली तर ते ओळखतील. मला थोडा वेळ दे.

लोभ राहिला असेल तर राहू दे.

कपिल

---

आळे,
१६ एप्रिल १९९९

चि. कपिल यास,
अ. आ. आणि जय भीम.

तू यंदा आला नाहीस. मी शेवटच्या गाडीपर्यंत आळेफाट्याला उभी होते, हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते.

जे झालं ते दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. गेणभाऊंची मोकळी बारी झाली. मग दादांनी झोळीतून तुझी खंजिरी काढून डफाशेजारी ठेवली, आणि आणखी एक गाणं होईल तेवढा वेळ तुणतुणं वाजवत राहिले. कोणी भेळ खायला उठलं नाही. प्रयागमावशीने पदर डोळ्यांना लावला. जिवंत माणसाची बारी अशी मोकळी ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती. घरी आल्यावर मी विचारलं नाही.

तू येऊन त्यांच्या पाया पड. हट्ट दोघांचा आणि जाळ माझ्या पोटात.

तुझी,
ताई

---

पुणे,
२ मे १९९९

ताई, जय भीम.

पत्र पोचलं. मी जलशाला मेला म्हणालो, दादांनी मला मेलेल्यांत घातलं. फिट्टंफाट झाली. माझ्यासाठी फाट्यावर उभी राहत जाऊ नकोस.

मेलेली माणसं पत्रं लिहीत नाहीत, तेव्हा याला उत्तर नको.

कपिल

---

आळे,
९ डिसेंबर २००२

चि. कपिल यास,
अ. आ. आणि जय भीम.

उत्तर नको म्हणालास तरी हे माझं अकरावं पत्र आहे. भिंतीशी बोलल्यासारखं होतं, पण भिंतीला निदान चुना तरी लावावा लागतो. तुला काहीच लागत नाही.

पेपरात तुझा फोटो पाहिला. आंबेगाव तालुक्यातल्या धरणग्रस्तांच्या ठिय्यात तू गिटार घेऊन बसला आहेस, गालफडं बसली आहेत. जेवतोस ना वेळेवर? दादांनी तो फोटो कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. चिकटवताना मला पाहिलं आणि उगाच खोकले.

त्यांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. रस्त्याच्या कामावर सुरुंगांजवळ उभं राहून कान गेले, आता वय झाल्यावर ते कळतंय. मी शाळेतली एक पाटी घरी आणली आहे. जे सांगायचं ते पाटीवर लिहिते, ते वाचून मान हलवतात, मग मी पुसते. दिवसभरात चार ओळी होतात: जेवण, औषध, लाइट बिल, झोपा. आमच्या घरातलं बोलणं आता एवढंच. मास्तरीण असून कधीकधी पाटीवर काय लिहावं हे मला सुचत नाही.

एक गोष्ट मात्र आहे. दुपारी ते तुझी कॅसेट लावतात आणि टेपच्या पेटीवर तळवा ठेवून बसतात. ऐकू येत नाही, तरी बाजू संपली की त्यांना कळतं. खंजिरीही दरवर्षी न चुकता टेबलावर येते. हा माणूस मला समजत नाही.

लोभ माझ्याकडे पडून आहे. नेणारा आला तर देईन.

तुझी,
ताई

---

पुणे,
११ जानेवारी २००५

प्रिय ताईस,
स. जय भीम, वि. वि.

तुझी सगळी पत्रं जपून ठेवली आहेत. लाज वाटून उत्तर दिलं नाही, आणि जितकी वर्षं गेली तितकी लाज वाढत गेली.

‘हरकत’ संपली. एका कंपनीने आमची कॅसेट काढायची तयारी दाखवली होती, पण धरणाचं गाणं वगळून. आम्ही नाही म्हणालो. नंतर कॉलेजांनी बोलावणं बंद केलं. गेल्या साली कचेरीसमोर गायल्याबद्दल तीन दिवस आत होतो. बाहेर आलो तर आदेशच्या घरच्यांनी त्याला नोकरीवर धाडलं होतं. नवनाथ बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये गेला. निरोपाला तिघं चहा प्यायलो. ड्रम माझ्या खोलीत आहेत, त्यांवर मी कपडे वाळत घालतो.

शेवटचं गाणं गेल्या साली धरणग्रस्तांच्या ठिय्यातच झालं. ठकूबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांचं घर, शेत सगळं पाण्याखाली आहे. गाणं झाल्यावर त्या म्हणाल्या की बाबा, तू आमचंच काहीतरी म्हणतोयस असं दिसतंय, पर त्या मशिनीशिवाय एकदा हळू म्हण, मला शब्द ऐकू दे. मी म्हटलं. चाल बदलून, हळू. त्या गाणं संपेपर्यंत बसून राहिल्या. आठ वर्षं मी ज्यांच्यासाठी ओरडत होतो त्यांना माझा एक शब्द कळला नव्हता. दादा पहिल्याच दिवशी हे म्हणाले होते.

यावंसं वाटतं. पण ज्याची बारी मोकळी ठेवली, त्याने कोणत्या तोंडाने यावं? त्यांना हे सांगू नकोस. किंवा सांग. मला आता काही कळत नाही.

कपिल

---

आळे,
२ फेब्रुवारी २००५

चि. कपिल यास चांगदेवचा जय भीम.

रत्नाने तुझं पत्र मला वाचाया दिलं. पाटीवर मावना म्हनून. वाचून लई वाईट वाटलं. सहा वरीस तू हे डोक्यात घेऊन बसलास आन् मला ठाऊक न्हाई.

मेल्याची बारी मोकळी ठेवत नसत्यात. मेल्याची बारी दुसऱ्याला देत्यात. बायडाबाई गेली, तिची शीलाला दिली, हे तुमी दोगांनी डोळ्यानं पाहिलं. शिकल्याल्या पोरांनी एवडा तरी इचार करायचा. गेणभाऊ मुंबईला मोर्च्याला गेला, तू पाळण्यात व्हतास. परत आला न्हाई. तुजी आई म्हनायची तो मेला. कुनी पाहिलं? मी तरी न्हाई पाहिलं. मानूस यायचाय तोवर त्याची जागा धरायची, आला का त्यानं डफ उचलायचा. मोकळी बारी ही येनाराची अस्ती.

तू म्हनालास जलसा मेला. लागलं मला. पर मेला असता तर तुजी जागा कशाला धरली असती.

मला आता ऐकू येत न्हाई. तू आलास तर मला दिसंल.

तुजा बाप,
चांगदेव

---

पुणे,
१८ एप्रिल २००५

प्रिय दादांस,
साष्टांग जय भीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येणार नाही आणि समोर असताना पाटी हातात घ्यायला मी धजलो नाही, म्हणून लिहितो.

फाट्यावर गाड्या तुंबल्या होत्या. मी विहाराशी पोचलो तेव्हा माझी बारी खरं तर संपायला हवी होती. नंतर ताईने सांगितलं की तुम्ही तीन गाण्यांचा वेळ तुणतुणं वाजवत उभे होतात, थांबा म्हणून सांगायचं कसं हे कोणाला कळेना, आणि पाटी घरी राहिली होती. मी खंजिरी उचलली. गाताना तुम्ही माझ्या हाताकडे पाहून ठेका धरलात. एकदाही चुकला नाहीत. मी दोनदा चुकलो.

पण काय गायलो ते तुम्हाला कळलं नाही. आठ वर्षांपूर्वी शब्द कळत नाहीत म्हणालात, आणि आता मी मशिनीशिवाय, सावकाश म्हटलं तर तुमचे कान नाहीत. परतीच्या गाडीत हेच मनात घोळत होतं. जलसा मेला म्हणालो ते खोटं होतं. आता ही माफी खरी आहे, ओळखून पाहा.

गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरात खाली लिहिले आहेत.

दिवा लागला शहरात, गाव आमचं बुडालं
नकाशावर निळा डाग, नाव आमचं उडालं
हरकत आहे साहेब, आमची हरकत आहे
पाण्याखालच्या चुलीवर अजून भाकर आहे

माया आहे तशीच असू द्यावी.

तुमचा,
कपिल

---

आळे,
३० एप्रिल २००५

चि. कपिल यास,
अ. आ. आणि जय भीम.

तुझं पत्र दादांनी सकाळपासून चारदा वाचलं. माफीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, पण आज औषध न सांगता घेतलं. मग माझ्याकडे पेन्सिल मागितली आणि तुझ्या गाण्यात दोन शब्द खोडले. ‘बुडालं’ खोडून ‘बुडवलं’ केलं, ‘उडालं’ खोडून ‘उडवलं’. म्हणाले की गाव काय आपल्या पायानं पाण्यात जातं व्हय, कुनीतरी बुडवतं तवा बुडतं, तसं सरळ म्हनावं. मांडीवर बोटांनी ठेका धरून त्यांनी मला दाखवलं, दोन्ही शब्द बरोबर बसतात. बाकीचं ठीक आहे म्हणाले. एवढी स्तुती त्यांनी शीलाचीही कधी केली नाही.

तू एकच रात्र राहिलास. गेल्यावर घर आधीपेक्षा मोठं वाटलं, हे लिहू नये असं ठरवलं होतं.

दादांचा निरोप लिहून संपवते. पुढच्या वर्षी तुझी बारी तिसरी, शीलाच्या नंतर. गेणभाऊचा डफ टेबलावर राहील. तुझी खंजिरी मात्र आता त्यांनी झोळीत ठेवलेली नाही. पार्सल करून या पत्राबरोबर पाठवायला सांगितली आहे, येताना तुझी तूच आणायची.

लोभ आहे. तो घ्यायला मात्र चौदा एप्रिलची वाट पाहू नये.

तुझी,
ताई