घाट बंद होता त्या दिवसांत

माय, मी बर्फ मोजते असं तू सगळ्या चाळीला सांगितलं होतंस आणि चाळीने त्याचा अर्थ असा लावला होता की मी बर्फाच्या कारखान्यात नोकरीला लागले. शेजारच्या ओडिया वहिनीने मला एकदा जिन्यात थांबवून विचारलं होतं, नणंदेच्या लग्नात सरबताला दोन लाद्या लागतील, तुझ्या ओळखीने मिळतील का. मी घरात येऊन तुला सांगितलं तर तू हसलीस, पण तिची समजूत दुरुस्त करायला गेली नाहीस. कशी करणार होतीस? आपल्याकडे लादी म्हणजेही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फच. हिम म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, काय पुस्तकमधलं बोलस.

सुरतेतल्या बमरोलीची ती खोली मला आठवते ती नेहमी दुपारची. बाबा लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, गेलेले, भाऊ शाळेत, आणि तू ओट्याला पाठ लावून साड्यांचे लोंबणारे धागे कापत बसलेली. गठ्ठा एका बाजूला उंच, कापून झालेल्या साड्या दुसऱ्या बाजूला. शेजारच्या खात्यांचा खडखडाट इतका सवयीचा की तो थांबला तरच मान वर व्हायची. अहमदाबादच्या संस्थेत मला संशोधनासाठी घेतलं, त्यानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा तू कात्री न थांबवता विचारलंस, "तू तठे काय करस, माले नीट सांग." मी माझ्या परीने नीट सांगितलं. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडतो, साचतो, उन्हाळ्यात वितळून नद्यांना येतो. वरून उपग्रह फोटो काढतो. त्या फोटोत बर्फ कुठपर्यंत पसरलाय ते आम्ही बघतो. ढगही पांढरा आणि बर्फही पांढरा, म्हणून डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातला फोटो घ्यावा लागतो, त्यात ढग उजळ दिसतो आणि बर्फ काळा. मग तिथे जाऊन, खणून बघायचं, फोटो खरं बोलतोय का.

"मोजीसन काय भेटस?"

"नदीला किती पाणी येईल, कधी येईल, ते आधी कळतं."

तू हातातल्या साडीचा शेवटचा धागा कापलास. "आपली तापीमा बरफनं पाणी येस का?"

"नाही माय. तापी पावसाची नदी."

"मंग आपलं काय?" म्हणालीस आणि पुढची साडी ओढलीस. मला तेव्हा राग आला होता. आता माझे विद्यार्थी हाच प्रश्न जरा सभ्य भाषेत विचारतात आणि मी त्यांना बरंच काही सांगते. बर्फ ऊन परत फेकतो म्हणून हवा थंड राहते, त्यावर धूळ आणि काजळी बसली की तो ऊन पिऊन लवकर वितळतो, मग झरे लवकर वाहतात आणि ज्येष्ठात आटतात. ते लिहून घेतात.

अमळनेरकडचे काका स्थळ घेऊन आले, त्या दिवशीचंही तुला सांगायचं आहे. मुलगा पलसाण्याला डाईंग मिलमध्ये सुपरवायझर होता. बाबांना तो पसंत होता. बाबा मोठ्याने बोलायचे, लूमवर आयुष्य गेलेल्या सगळ्यांसारखे, त्यामुळे आपल्या घरातली कुठलीही गोष्ट खालच्या पानवाल्यापर्यंत जायची. मी त्यांना समजावत होते की अभ्यास अर्धा सोडला तर पुन्हा कोणी घेणार नाही. बाबा म्हणत होते, पोरीच्या जातीने डोंगरात परक्या माणसांबरोबर राहायचं म्हणजे काय. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. तू पिठाचे हात घेऊन मोरीजवळून आलीस. मला वाटलं तू बाबांना काही बोलणार. तू माझ्यावरच खेकसलीस, "त्यासले समजाडत बसू नको. तुले जानं शे ना? मंग जाय." तू परत भाकरी थापायला गेलीस. स्थळाचं पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरचा तो हिवाळा होता, मी पहिल्यांदाच डोंगरावर जाणार होते. शहर धुऊन काढल्यासारखं झालं होतं, आणि आधी गावाकडे पळालेले लोक परत आले होते. स्टेशनसमोर तिबेटी लोक दरवर्षीसारखे स्वेटर घेऊन बसले होते. तू मला तिथे नेलंस. सुरतेत स्वेटर कोण घालतं, पण तू प्रत्येक स्वेटर उलटा करून आतली वीण बघितलीस. मग त्या विकणाऱ्या बाईसमोर उकिडवी बसलीस आणि तुझ्या हिंदीत विचारलंस, "मेरी लडकी बरफ में जाती है. उधर आदमी को क्या होता है?"

ती बाई हसली. "कुछ नहीं होता, अम्मा. पैर सूखा रखने का. गीला मोजा पहन के सोने का नहीं."

"और?"

"और कुछ नहीं. चाय पीने का."

तू ते तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलंस. किरमिजी रंगाचा स्वेटर घेतलास, मला मोठा होणारा, आतून अजून एक घालता यावा म्हणून. गाडी सुटताना फलाटावर इतरांच्या आया डबा, पाणी, पोहोचल्यावर फोन कर, असलं बोलत होत्या. तू खिडकीतून फक्त म्हणालीस, "पाय कोरडा ठेवजो."

आम्ही पाच जण होतो, आमचे मार्गदर्शक सर धरून. हिमाचलात एका घाटाच्या पलीकडचं गाव, वीस-पंचवीस घरं, सरकारी विश्रामगृहात आमची सोय. रस्ता त्या वर्षी लवकर उघडला होता म्हणून आम्ही मार्चमध्येच पोहोचलो, आणि पोहोचल्यावर पुन्हा बर्फ सुरू झाला. घाट बंद झाला. काही दिवस आम्ही खिडकीतून बघण्यापलीकडे काही केलं नाही. मग एका सकाळी आभाळ मोकळं झालं आणि आम्ही उपकरणं घेऊन बाहेर पडलो. त्याच सकाळी तू नळावर पाणी भरायला गेलीस. हे मला नंतर कळलं. छातीत कळ आली, तू हंडा खाली ठेवलास आणि त्याच्याशेजारीच बसलीस. ओडिया वहिनीने रिक्षा थांबवली. बाबा खात्यातून तसेच बनियनवर आले. सिव्हिलला पोहोचेपर्यंत तू होतीस, नंतर नव्हतीस.

भावाने एसटीडी बूथवरून अहमदाबादला फोन केला. तिथून निरोप पोलिसांच्या वायरलेसवर आला आणि दोन दिवसांनी आमच्यापर्यंत. मी तेव्हा खड्ड्यात होते. बर्फात उभा खड्डा खणतात, माय, थेट जमिनीपर्यंत, आणि भिंतीवर थर बघतात, वरचा ताजा, मग दाबलेला, मधे धुळीची करडी रेघ, अगदी खाली जाड्या साखरेसारखे सुटे दाणे. प्रत्येक थराचं वजन करायचं, तापमान घ्यायचं. आमचे सर काठावर येऊन उभे राहिले. ते नेहमी वाकून आत बघत, तसे वाकले नाहीत. "बेटा, ऊपर आ जा."

"सर, नीचे का बाकी है."

"रहने दे. सूरत से खबर आई है. तेरी माँ नहीं रही."

मी म्हटलं, "बस, थोडा ही बाकी है सर." आणि मी उरलेले थर मोजले. सर काठावर उभे राहिले. जमिनीला लागून बर्फ सगळ्यात कमी थंड असतो. वरची हवा उणे असते तेव्हाही खालची माती गोठत नाही, बर्फच तिला पांघरूण घालतो. मी बोटाने उकरलं तर माती ओली होती आणि पिवळं गवत चपटं होऊन पडलेलं होतं. ते आकडे बरोबर आले. पुढे ते छापलेही गेले. मी वर आले तेव्हा सरांनी माझ्या हातातून फावडं काढून घेतलं, जणू ते मी कोणाला मारीन.

घाट बंदच होता. सरांनी चौकीवर जाऊन विचारलं, सैन्याच्या गाडीचं विचारलं, सगळ्यांचं उत्तर एकच, वरून बर्फाचे कडे सुटताहेत, कोणी जाणार नाही. त्या दिवसांत मला रडू आलं नाही. भूकही लागायची, झोपही लागायची. सोबतच्यांनी माझ्यासमोर हसणं बंद केलं होतं आणि ते मला विचित्र वाटायचं. विश्रामगृहाच्या चौकीदाराची बायको मात्र मला कामाला लावायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "तुम्हारे उधर कितने दिन का होता है?" मी म्हटलं, तेरा. ती म्हणाली, "तो यहाँ बैठ के क्या करोगी, चलो." तिचं वाटाण्याचं शेत अजून बर्फाखाली होतं. त्या भागात बायका हिवाळाभर चुलीची राख साठवतात आणि अशा वेळी शेतावर पसरतात. राख काळपट, ती ऊन धरते, खालचा बर्फ लवकर उतरतो आणि पेरणी वेळेवर होते. आम्हीही तेच तर मोजायला गेलो होतो, धुळीने काळवंडलेला बर्फ किती लवकर उतरतो ते. ती टोपल्यातून मुठीने राख फेकत पुढे, मी मागे. दुपारी मला वाटलं, एव्हाना तिकडे सावडायला गेले असतील. तापीवर. तुझी राख बाबांनी आणि भावाने गोळा केली असेल. मी माझ्या मुठीकडे बघितलं, आणि पुन्हा राख फेकली. शेताचा तो तुकडा संध्याकाळपर्यंत करडा झाला. घरी नेऊन तिने माझे हात कोमट पाण्याने धुतले, लहान मुलाचे धुतात तसे, बोटांच्या मधे मधे.

घाट उघडल्यावर मी सुरतेला पोहोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. तेराव्यासाठी सगळे जमले होते. दारातच अमळनेरची आत्या मला ऐकू जाईल अशा आवाजात कोणाला तरी म्हणाली, मायना दहावाले पन उनी नही. मी चप्पल काढत होते. बाबा आतून उठून आले. मला वाटलं आता ते ओरडतील आणि खालच्या पानवाल्यापर्यंत जाईल. ते इतकं हळू बोलले की आत्याला पुढे सरकावं लागलं. "रस्ता बंद व्हता. बरफ पडना तठे. मानूस वाहून जास. ती काय करी?" मग तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला ते घाट म्हणजे काय, कडा सुटतो म्हणजे काय, हे सांगत राहिले. हे सर्व त्यांनी भावाकडून पेपर वाचून घेऊन माहीत करून घेतलं होतं, मी येण्याआधी. माझ्याशी ते त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. मी अहमदाबादला परत निघाले तेव्हा मात्र स्टेशनपर्यंत आले, बॅग स्वतः धरली आणि विचारलं, "परत कव्हय जाशी वरती?"

ओट्याजवळ तुझा गठ्ठा तसाच होता. व्यापाऱ्याचा माणूस न्यायला येणार होता, म्हणून भावाने आणि मी बसून उरलेल्या साड्यांचे धागे कापले. काही साड्या तू कापलेल्या होत्या, काही आम्ही. घड्या घातल्यावर कुठल्या कोणाच्या ते कळेना.

बाबा नंतर बरीच वर्षं होते. भावाने कडोदऱ्याला स्वतःच्या मशीन टाकल्या. त्याची मुलं घरात गुजराती बोलतात, आणि मी बोलले की थांबून ऐकतात. मी पुष्कळदा वर गेले, त्या गावातही गेले. घाटाखालून आता बोगद्याचं काम चालू आहे असं ऐकते. तुझ्या स्वेटरची कोपरं गेली तेव्हा मी तो कुठे दिला हे मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचंही काही वाटत नाही. असंच आहे, माय. लोकांना वाटतं, बर्फावर गेले की मला तू आठवत असशील. नाही आठवत. तिथे मला काम असतं. तू आठवतेस ती काहीच काम नसलं की, बँकेच्या रांगेत, दाताच्या दवाखान्यात, आणि तेव्हाही नुसतीच असतेस, काही दुखत नाही. डॉक्टर मैत्रीण म्हणते, रडायला हवं होतंस. असेलही.

हे मी एवढं लिहिलं ते खरं एका गोष्टीसाठी, आणि तीच लिहायला जमत नव्हती. हा कागद मी जपून ठेवणार नाही, म्हणून लिहिते. ज्या सकाळी तू नळावर गेलीस त्या सकाळी तिकडे आभाळ निळं निघालं होतं आणि कोणी पाय न ठेवलेला बर्फ डोंगरभर पडला होता. सर म्हणाले, पहिलं पाऊल तू टाक. मी गुडघ्यापर्यंत रुतले आणि मोठ्याने हसले, एकटीच, बराच वेळ. घरचं कोणीही मला तेव्हा आठवलं नाही. तूही नाही. माय, त्या वेळेला मी जेवढी सुखात होते तेवढी त्याच्या आधी कधी नव्हते.