टाकी कधी रुसते

आई, गेल्या आठवड्यात हेब्बाळला आमच्या कंपनीचं तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. यीस्टकडून आम्ही औषधासाठी लागणारं प्रथिन तयार करून घेतो. ते जास्त मिळावं म्हणून प्रयोग कसे आखायचे, हे शिकायचं होतं. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्या तीन दिवसांत तू सारखी आठवत होतीस.

एन्झाइमच्या कारखान्यात तू टाक्यांवर होतीस. घरी यायचीस तेव्हा साडीला मळीचा आंबूस वास असायचा. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हाची एक संध्याकाळ. तू पोळ्या लाटतेयस, मी ओट्याला टेकून उभी. तू सांगतेयस, "उकाड्यात टाकी गरम असताना ढवळणी जोरात फिरवली की ती रुसते. नुसता फेस येतो, माल कमी निघतो. थंडीत मात्र तोच जोर तिला मानवतो. आज साहेबांना सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, अम्मा, तुम्ही नोंदी लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची असते. 'सरी, बरं' म्हटलं आणि आले."

"बरोबरच आहे त्यांचं. शास्त्र असंच असतं."

तू लाटणं बाजूला ठेवलंस. "अगं, पण त्या दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून असतात. वेगवेगळं विचारलं तर खरं कसं कळणार?" मी हसले. म्हटलं, "आई, टाकीची साक्ष काढतेस का?" तूही हसलीस, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाहीस.

आम्हीही दोन वर्षं तेच करत होतो. तापमान तसंच ठेवायचं आणि ढवळणीचा वेग बदलायचा. मग वेग तसाच ठेवायचा आणि तापमान बदलायचं. उत्पादन काही केल्या वाढेना. शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, "दोन्ही एकत्र बदला." काचेच्या आठ लहान टाक्या मांडल्या. तापमान कमी आणि जास्त, वेग कमी आणि जास्त, अशा चार जोड्या, प्रत्येक जोडी दोनदा. कुठल्या टाकीला कुठली जोडी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे आमची आवडनिवड मध्ये शिरायला नको.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर आलेख आला. उत्पादनाच्या दोनच रेषा. तापमान कमी असताना वेग वाढवला की रेषा वर चढत होती, तापमान जास्त असताना खाली उतरत होती. मधे दोघी एकमेकींना छेदून गेल्या होत्या. आठ टाक्यांनी आमची दोन वर्षं एका फुलीत उलगडून दाखवली होती, आणि ती फुली तू कसलाही आलेख न काढता, निव्वळ टाकीपाशी उभी राहून पाहिली होतीस. इतकं सगळं ओळखणारी बाई रोज माझ्या ताटात पोळी वाढत होती!

हे पाठवायचं कुठे, आई? ट्रेनिंगच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय, तिथेच राहील. एक मात्र सांगून टाकते. आलेख दाखवून झाल्यावर बाईंनी विचारलं, "असं होईल याचा अंदाज कुणाला आधी होता का?" मी हात वर केला नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याच शेजारी येऊन बसल्या, तेव्हाही मी फक्त सांबाराबद्दल बोलले.