तो कस्तूर होता

सर, तो पक्षी कस्तूर होता. परवा सकाळी तो माझ्या परसात आला, तेव्हा त्याचं नाव कळलं. पेरूखालच्या पाचोळ्यात काहीतरी खसफसलं, म्हणून हातातलं धुणं टाकून मी उभी राहिले. केशरी डोकं, निळसर राखी पाठ, पांढऱ्या गालावर दोन उभे काळे पट्टे. चोचीनं पान उलटायचा, थबकायचा, जरा चाहूल लागली की अडुळशाच्या आडोशाला. लेकीनं दारातूनच मोबाईलवर फोटो काढला आणि पक्ष्यांच्या पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिला. "आई, पट्टेसुद्धा जुळतात," म्हणाली. मला आनंद व्हायला हवा होता. मला तुम्ही आठवलात.

तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत, सातवीत, तुम्ही विचारलं होतंत, घराजवळ कोणते पक्षी दिसतात. मुलं कावळा, चिमणी, साळुंकी म्हणाली. मी हा सांगितला, पट्ट्यांसकट. तुम्ही हसलात. "तुमच्या विहारामागच्या वस्तीत असलं पाखरू? कुठंतरी चित्र बघितलं आन् दिलं ठोकून!" मग मला फळ्यापाशी उभं करून 'मी खोटं बोलले' असं सगळ्यांसमोर म्हणायला लावलंत. मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई खुरपणीला खाडा करून शाळेत येते. वर्गाच्या दारातच उभी राहून म्हणते, "सर, पोरगी खोटं न्हाई बोलत. म्या बी बगितलाय त्यो. आमच्या न्हाणीमागं येतोय." तुम्ही खुर्चीवरून उठतसुद्धा नाही. "बाई, आता शास्त्र तुम्ही शिकवणार व्हय आम्हाला?" सगळा वर्ग हसतो. आई पदर सावरते आणि माझ्याकडे न बघता निघून जाते. पुन्हा ती शाळेत कधी आली नाही. दहावीच्या सत्कारालाही नाही. "तितं माजं काय काम हाय," एवढंच म्हणायची.

मी शिकले, कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत क्वालिटीला लागले. चुका दाखवणं हेच माझं काम. तरी मीटिंगमध्ये चूक समोर दिसत असताना मी आधी दुसरं कुणी बोलायची वाट बघते. कस्तुराचा फोटो आईला दाखवायला हवा होता, पण ती उरली नाही. तुम्ही तर तिच्याही आधी गेलात. अख्खं गाव लोटलं होतं म्हणे तुम्हाला पोचवायला. आम्ही दोघी घरीच होतो.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. लिहायला बसले तेव्हा तुम्हाला 'तू' म्हणायचं ठरवलं होतं. एक ओळ तशी लिहिलीही. मग खोडली. हात धजला नाही.