हडळीचे हात

॥ श्री ॥
शेगाव, दि. ४ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप दादांस,
विमलचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सारे ठीक. तुमचेही ठीक असेल. लपवून ठेवणाऱ्यांचे ठीकच असते.

मागच्या आठवड्यात इथे तो बावीस वर्षांपूर्वीचा हडळीचा सिनेमा पुन्हा लागला होता. ह्यांनी मित्रांसोबत दोनदा पाहिला. घरी येऊन सांगत होते की चंद्र म्हणून पितळेची परात टांगली आहे, हडळीचे केस अंबाडीचे आहेत, रक्त म्हणजे कुंकवाचं पाणी. लोक भीत नाहीत, हसतात. फक्त शेवटी ती हडळ दोन्ही हात पुढे करून उलट्या पावली अंधारात सरकत जाते, तेव्हा सगळे गप्प बसतात.

शालूमावशी दर्शनाला आली होती, तिने हे सगळं ऐकलं. मग मला आत बोलावून म्हणाली, तुले कोनी सांगतलंच नाही काय वो, ते हडळ म्हंजे तुही माय हाये.

चोवीस वर्षांची झाले मी. आईचा एक फोटोही घरात नाही असं तुम्ही मला सांगत आलात, आणि आई गावोगावी पडद्यावर फिरत होती. सिनेमा आता चिखलीला जिनिंगच्या गोडाऊनात लागणार आहे. मी पाहायला येणार.

लोभ उरला असेल तर राहू द्यावा.
विमल


॥ श्री ॥
उंद्री, दि. ८ फेब्रुवारी १९७३

चि. सौ. विमलबाईस,
भगवानरावाचे आशीर्वाद. पत्र पोचलं. येऊ नकोस. शालूमावशीच्या तोंडाला झाकण कधी नव्हतंच.

ऐकायचंच आहे तर ऐक. सिनेमावाले आपल्या आमराईत उतरले होते. त्यांची हडळ होणारी बाई तापाने परत गेली. मी बारा वर्षांचा दीडशहाणा, मीच जाऊन सांगितलं की आमची माय कोनाले भेत नाही. माझ्या हट्टापायी ती उभी राहिली. तीन महिन्यांत विषमज्वराने गेली. गाव म्हणालं, भुताचं सोंग घेतलं, भुतानं नेलं. शाळेत मास्तरसुद्धा मला हडळीचा म्हणून हाक मारायचा. तू तेव्हा अंगठा चोखत होतीस, तुझं काय गेलं? तुला ते नाव लागू नये म्हणून घरात विषय बंद केला. तुझं चांगल्या घरी लग्न झालं ते त्यामुळे.

मी तो सिनेमा आजवर पाहिलेला नाही. शूटिंगच्या दिवशी ती हात पुढे करून माझ्याकडे चालत आली, तेवढी माझ्याजवळ आहे. तेवढी पुरे. ऑपरेटर पंजाबराव ओळखीचा आहे. पुढच्या शुक्रवारी जाऊन फिल्मचा तो शेवटचा तुकडा कापून आणणार आणि चुलीत घालणार. माझ्या आईला लोकांनी खूप हसून घेतलं.

आशीर्वाद थोरला म्हणून लिहिले, मनातून निघाले नाहीत.
भगवानराव


॥ श्री ॥
शेगाव, दि. १२ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप दादांस,
नमस्कार लिहिला आहे, केला असं समजू नका.

तुझं काय गेलं म्हणता. तुम्हाला आई बारा वर्षं मिळाली. मला तिचं नाक कसं होतं तेही ठाऊक नाही. तुम्ही मला वाढवलं, आणि दर दिवाळीला ऐकवलंही. उपकाराखाली मान वाकवून गप्प राहिले. पण तो तुकडा एकट्या तुमचा नाही. कापलात तर भाऊबीजेचं ताट तुमच्यासाठी मांडणार नाही, आणि मी मेले तरी दारात येऊ नका.

लोभाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.
विमल


॥ श्री ॥
उंद्री, दि. १७ फेब्रुवारी १९७३

चि. सौ. विमलबाईस,
आशीर्वाद. तुझं धमकीचं पत्र गुरुवारी मिळालं. धमकीला मी भीक घालत नाही, म्हणून काल कात्री घेऊनच चिखलीला गेलो.

दुपारची वेळ, गोडाऊन रिकामं. पंजाबरावाने तो भाग शोधून लावला आणि वर हसला. म्हणाला, भाऊ, हे बाई सरळच चालून राह्यली, त्यायनं फिल्लम उलटी जोडली. हडळीचे पाय उलटे दाखवायची स्वस्तातली युक्ती. त्याच्या लहान मशीनला मागे फिरवायचा खटका आहे. मी नको म्हणेपर्यंत त्याने तो ओढला.

आई अंधारातून सरळ चालत आली. अंबाडीचे केस तोंडावरून बाजूला झाले. नाक तुझंच आहे.

तुकडा कापलेला नाही. मंगळवारी सकाळच्या एसटीने ये, पंजाबराव तुला दुपारी तसाच उलटा फिरवून दाखवील. मी तिथे नसेन. तुझा राग तुझ्याजवळ ठेव, माझा माझ्याजवळ आहे.

एक सांगायचं राहिलं. न सांगून चाललं असतं, पण तू वर मला लपवणारा म्हटलंस. त्या दिवशी मी कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला उभा होतो आणि तू माझ्या कडेवर होतीस. हे मी विसरलो होतो. तिचं ते रूप पाहून तू रडायला लागलीस. तिला जागेवरच थांबायला सांगितलं होतं, ती थांबली नाही. बावीस वर्षं मी समजत होतो, मायने हात माझ्यासाठी पुढे केले. पंजाबरावाला मी तेवढंच तीनदा लावायला लावलं. तिची नजर माझ्या तोंडावर नाही, माझ्या कमरेशी आहे. तिथे तू होतीस.

लोभाचं ज्याचं त्याने पाहावं.
तुझा दादा